गळ धरल्याचं वॉरंट

दिनेश गजभिये नव्या माणसाशी ओळख करून घेताना नाव, गाव आणि गुन्हा याच क्रमाने सांगत. नेदरलँड्समधल्या आल्मेरे गावच्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात आम्ही पहिल्यांदा भेटलो, तेव्हा हातातली वड्याची ताटली खाली ठेवून ते म्हणाले, "मी दिनेश गजभिये. मूळचा नागपूरचा, आता इथला. अमेरिकेत माझ्या नावानं वॉरंट आहे." मग ताटली पुन्हा उचलली.

मी पुण्याच्या कोर्टात सहा वर्षं वकिली केली. नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले, आणि आता एका शाळेत डब्याच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवते. सगळ्या वकिलीत आपण होऊन आरोपी म्हणवणारा माणूस मला भेटला नव्हता. मी विचारलं, "कशाबद्दल?"

"दुसऱ्याचा गळ धरला."

हकिकत अशी, की तेवीस-एक वर्षांपूर्वी दिनेशदादा कंपनीच्या कामाने अमेरिकेत होते. एका रविवारी ऑफिसातला एकजण त्यांना तलावावर मासे पकडायला घेऊन गेला. त्याला मध्येच सँडविच आणायची हुक्की आली. गळाची काठी दादांच्या हातात देऊन तो गेला आणि नेमका तपासनीस आला. मासेमारीचा परवाना सँडविच आणायला गेलेल्याच्या खिशात.

"मासा तरी लागला होता का?" मी विचारलं.

"मासा कुठला जी. नुसतं शेवाळ होतं. रेकॉर्डवर घ्या, वकीलबाई."

'रेकॉर्डवर घ्या' हे त्यांचं पालुपद. त्यांच्या पत्नी ज्योतीवहिनी चहा करत असल्या तरी सांगणार, "मी एकच चमचा साखर घेतली, रेकॉर्डवर घ्या." तर त्या तपासनिसाने गुन्ह्याची चिठ्ठी फाडून हातात ठेवली आणि कोर्टाची तारीख दिली. तेवढ्यात कंपनीने दादांना शेजारच्या राज्यात पाठवलं. तारीख उलटली, हजर राहिले नाहीत म्हणून वॉरंट निघालं. पुढे ते नागपूरला परतले, तिथून नेदरलँड्सला आले. वॉरंट तिकडेच राहिलं.

तिकडे राहिलं म्हणायचं, पण दादा ते सोबत घेऊनच वावरत. पोलिसांची गाडी दिसली की सायकलवरून उतरून चालत. एकदा आम्ही सगळे ट्रेनने जर्मनीतला नाताळचा बाजार बघायला निघालो, तर दादा सीमेच्या अलीकडच्या स्टेशनवर उतरले. दिवसभर बाकावर बसून डबा खाल्ला आणि संध्याकाळी आमच्याच परतीच्या गाडीत चढले.

"पण दादा, नागपूरला जाता तेव्हा सीमा लागत नाही का?"

"तो आपला देश आहे. तिथं पकडलं तरी ओळखीचे लोक पकडतील."

आम्ही हसायचो. तेही हसायचे. मागच्या मार्चमध्ये मात्र ज्योतीवहिनी एकट्या माझ्याकडे आल्या. त्या हसत नव्हत्या.

त्यांची मुलगी प्रज्ञा अमेरिकेत जन्मली, वाढली आल्मेरेत. मराठी सगळं कळतं, उत्तर देते इंग्रजीत किंवा डचमध्ये. दोन वर्षांपूर्वी ती शिकायला अमेरिकेला गेली. मे महिन्यात तिचा पदवीदान समारंभ होता. दादांनी फोनवर सांगून टाकलं, रजा मिळत नाही.

"सगळ्या गावाला वॉरंट सांगतात," वहिनी म्हणाल्या, "पण पोरीला एक शब्द सांगू देत नाहीत. तिला वाटतं, ती तिकडे गेलेलं बाबांना आवडलंच नाही. आजकाल फोनवर फक्त माझ्याशी बोलते."

मी म्हटलं, फाइल घेऊन या.

फाइल म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन कागद. चिठ्ठी आणि वॉरंटचं पत्र. ते वाचताना माझे हात कितीतरी वर्षांनी ओळखीच्या कामाला लागले. पुण्यात वॉरंट रद्द करून घेणं हे आमचं रोजचं काम होतं. अमेरिकेचे नियम वेगळे, पण गोम तीच. असल्या किरकोळ गुन्ह्यासाठी एका राज्याचे पोलीस दुसऱ्या राज्यातून माणूस सहसा ओढून आणत नाहीत. तेवढा खर्च कोण करतो. पण वॉरंट आपोआप मरतही नाही. कोर्टात पडून राहतं आणि कधी व्हिसाच्या अर्जात, कधी विमानतळावर आडवं येतं. ज्या कोर्टाने काढलं त्याच कोर्टाने ते मागे घ्यावं लागतं.

मी त्या कोर्टात फोन लावला. तिथल्या बाईंनी बराच वेळ शोधलं, मग विचारलं, "मासेमारी?" आणि त्यांना हसू आवरेना. त्या म्हणाल्या, इथला वकील अर्ज करू शकेल, आणि एवढ्या छोट्या प्रकरणात न्यायाधीश आरोपीला व्हिडिओवरही हजर राहू देतात. त्या गावातला एक वकील मिळाला. मी पाठवलेल्या मसुद्यातला मुख्य परिच्छेद त्याने जसाच्या तसा ठेवला. त्या दिवशी शाळेत मुलांनी किती दंगा केला, माझ्या कानावरच पडला नाही.

सुनावणी तिकडच्या सकाळी, म्हणजे आमच्या दुपारी चारला, माझ्या जेवणाच्या टेबलावर. दादा सूट घालून लॅपटॉपसमोर उभे राहिले, त्यामुळे न्यायाधीश बाईंना नुसता टाय आणि पोट दिसत होतं. त्यांनी बसायला सांगितलं तेव्हा कुठे दादा बसले.

"मिस्टर गजभिये, दिलेल्या तारखेला तुम्ही का आला नाहीत?"

उत्तर आम्ही पाठ करून घेतलं होतं. कामाच्या गडबडीत तारीख लक्षात राहिली नाही, एवढंच म्हणायचं.

"तारीख लक्षात होती," ते इंग्रजीत म्हणाले. "गाडीची किल्ली खिशात होती. चार तासांचा रस्ता होता. माझी मुलगी आदल्या दिवशी जन्मली होती, दोन महिने आधी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. बायको शुद्धीवर नव्हती. नर्स म्हणाली, हात आत घाला, बाळाला कळतं. मी घातला. तिनं माझं बोट धरलं. मला ते सोडवता आलं नाही."

ज्योतीवहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या नवऱ्याकडे बघतच राहिल्या.

सरकारी वकिलाने हरकत नाही म्हणून सांगितलं. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, वॉरंट रद्द, खटला बंद. "आता जा आणि मुलीला भेटा."

पडदा काळा झाला तरी दादा ताठ बसून होते. मी टाळ्या वाजवल्या, शेवटी त्यांना हलवून सांगितलं, "दादा, जिंकलो आपण." त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि जोराजोरात हलवले.

"मला तर म्हणाला होतात, विसरलो," वहिनी हळूच म्हणाल्या.

"तू कुठं शुद्धीवर होती तेव्हा?"

"नंतर सांगायचं."

"तू पोरीला सांगितलं असतं. तिच्यापायी बापावर वॉरंट निघालं, असं तिनं काहून ऐकावं?"

"आता तुम्हीच सांगा," वहिनी म्हणाल्या.

व्हिसा झाला, दोघं गेले. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने शिक्का मारून अर्ध्या मिनिटात सोडलं. तो आणखी काही विचारेल म्हणून दादा तिथेच उभे राहिले, तेव्हा त्याने 'पुढचा' म्हणून हाक दिली.

बाहेर प्रज्ञा गाडी घेऊन आली होती. परत आल्यावर दादांनीच मला सांगितलं. हमरस्त्याला लागल्यावर त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं, गळापासून बोटापर्यंत. तिने गाडी कडेला घेतली, पट्टा सोडला आणि त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागली.

"मग?"

"मी म्हटलं, बेटा, इथं गाडी थांबवायची परवानगी आहे का, ते बघ आधी. तिनं ऐकलं नाही. मग मीही पुन्हा म्हटलं नाही."