इंगळे गुरुजींचा रोडगा

मोताळ्यात आमच्या शेजारच्या इंगळे गुरुजींकडे जेवायला गेलात, तर पोटात कितीही कावळे ओरडत असले तरी ताटातल्या रोडग्याला हात लावायचा नाही. आधी पृथ्वीचं अंतरंग समजून घ्यायचं, मग घास. हा नियम त्यांच्या जावयालाही लागू आहे.

रोडगा म्हणजे कणकेचा गोळा, त्यावर तेल लावलेली एक पारी, तिच्यावर दुसरी, मग तिसरी, आणि सगळं गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेलं. आपल्याला तो पाहून वांग्याची भाजी आठवते. भूगोल शिकवण्यात हयात गेलेल्या गुरुजींना त्यात पृथ्वी दिसते. वर करपलेलं भूकवच, खाली जाडजूड प्रावरण, मधोमध गाभा. "वरून थंड वाटते न? अंदर बोट घालून पाह्य!" जावयानं घातलं होतं.

बाह्यगाभा द्रवरूप असतो. तो कणकेत कसा दाखवायचा? गुरुजी फोडलेल्या रोडग्यात तुपाची धार सोडतात. "तुपाबिगर रोडगा म्हंजे शास्त्राचा अपमान हाये!" गावात कोणी कोणाबद्दल वाकडं बोललं, की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "हे त कवच झालं बे, अंदर पाह्य!"

मी नववीत त्यांच्या वर्गात होतो. रोडगा हाच नमुना. मुलांनी फोडायचा, थरांची नावं सांगायची आणि नमुना उरवायचा नाही. एरवी हा धडा आठवड्यात संपे. त्या वर्षी दिवाळी गेली, संक्रांत आली, तरी आमचा वर्ग आपला प्रावरणातच. नद्या आणि हवामान तसंच पडलेलं. तपासणीला आलेले साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "गुरुजी, अजून पहिलाच धडा?"

"साहेब, पृथ्वी लय खोल हाये."

वर्ग हसला, साहेब हसले नाहीत. वाईट शेरा मिळाला. दुसऱ्या दिवशी गुरुजी पुन्हा रोडगा घेऊनच वर्गात आले.

त्या वर्षी माझी आई अकोल्याच्या दवाखान्यात होती. माझ्या दप्तरात डबा नसायचा, आणि हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. गाभा दाखवायला गुरुजी नेमकं मलाच उठवायचे. जो दाखवेल, त्यानंच तो खायचा. आई घरी आली, त्याच आठवड्यात धडा संपला. पुढे सुट्ट्यांच्या दिवशी वर्ग घेऊन त्यांनी राहिलेलं सगळं शिकवलं. अशा माणसाच्या भिंतीला माझी भिंत लागून आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

गेल्या वर्षी गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या. लेक पुण्याला. गुरुजींच्या अंगणातला धूर बंद झाला. "एकट्यासाठी कोन गोवऱ्या पेटवते?" म्हणायचे आणि दूध-पोळी खाऊन निजायचे.

एका रविवारी मी जाऊन बसलो. म्हटलं, "गुरुजी, ते प्रावरण मले अजून समजलं नाई."

"दोन लेकरांचा बाप झाला, अन् तुले प्रावरण नाई समजलं?" चिडचिड करत उठले आणि गोवऱ्या रचायला लागले.

तेव्हापासून दर रविवारी मी नापास होतो. परवा त्यांनी रोडगा फोडला, तूप सोडलं, गाभा काढून माझ्या ताटात ठेवला. थर सांगायला मी तोंड उघडलं, तर माझ्या मनगटावर हात ठेवून हळूच म्हणाले,

"धडा संपवाची घाई करू नको, बापा."