सपाट मुलखातील दोन डोंगरांची बखर

ज्या देवाने डोळे दिले त्यास साष्टांग नमन, आणि दिलेले डोळे ज्यांनी वापरिले नाहीत त्यांस क्षमा असो, ऐसे म्हणोन लिहावयास बसलो. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सर, आषाढ मासी एका राज्यात पोरांच्या चित्रकलेच्या तासावर संकट आले, त्याचे वर्तमान येणेप्रमाणे. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण तेथील कारभारी हयात आहेत आणि तापट आहेत. मुलूख बहुत सपाट. काळी माती, तुरीची शेते, चहूंकडे आभाळ, आणि डोंगर औषधालासुद्धा नाही. तथापि राज्यातील एकूणएक पोर चित्र काढी ते एकच: दोन डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, खाली नदी, काठी झोपडी, शेजारी नारळ, आणि वर चारच्या आकड्याचे पक्षी. हे चित्र सनदी. चाळीस वर्षांमागे दरबारचे परीक्षक त्र्यंबकपंत मुळावकर यांनी ते नेमून दिले आणि कागद तपासावयास पितळेचा एक साचा करविला. साच्यास डोंगरांच्या, सूर्याच्या, नारळाच्या जागी भोके. साचा कागदावर ठेवावा, भोकातून जे दिसेल त्यास गुण द्यावे, आणि न दिसेल त्यास शून्य. हजार कागद दोन प्रहरात तपासून होत, म्हणोन दरबार पंतांवर बहुत खूष असे.

मग कारभारी यांनी मसलत काढिली की, पोरांस चित्र येतेच आहे, तर आठवड्याचा तास कशास, तो गणितास द्यावा. कोणी म्हणाले, पोरे नापास जाहली तर? त्यावर कारभारी बोलिले, "पास झाली तर शिकवायला नको, नापास झाली तर शिकवून उपयोग नाही." तेव्हा राजेसाहेबांनी निवाडा केला की, दसऱ्यापूर्वी एका गावच्या शाळेत परीक्षा घ्यावी, आणि पंत जो अभिप्राय लिहितील तो शेवटचा. त्याच दिवसांत जुने मास्तर निवृत्त होऊन सुंदराबाई तांबट म्हणोन नवीन बाई त्याच शाळेवर रुजू जाहल्या. घराणे भांडी ठोकणारांचे, आवाज खणखणीत, हात काळे. बाईंनी पहिले दिवशी कागद वाटिले, आणि बेचाळीस पोरांत एकेचाळिसांनी ब्याऐंशी डोंगर काढिले. बाईंनी पुसिले, "डोंगर कुणी पाह्यलाय?" एकही हात वर जाहला नाही. बेचाळिसावा कागद कोरा, तो नर्मदी नामे आठ वर्षांच्या मुलीचा. दोन वर्षे तिने आपले वावर काढिले आणि दोन्ही वेळां शून्य मिळाले, तेव्हापासोन ती काढीतच नसे. बाईंनी जवळ घेऊन पुसिले, तो ती म्हणाली, "माझं साच्यात बसत न्हाई जी." हे ऐकोन बाईंस रात्री जेवण गेले नाही, ऐसे त्यांनीच आम्हांस सांगितले.

मग बाईंनी दोन महिने डोंगराचे नाव घेतले नाही. आधी रेषा शिकविली, ती कागदावर नव्हे, तर लोट्याच्या काठावरून बोट फिरवून, आणि गाडीच्या चाकोरीत पाय टाकीत चालवून. मग आकार, मग पोत. पोत म्हणजे वस्तूचे अंग हातास कसे लागते ते. बाईंनी घरचा ठोके दिलेला हंडा आणिला, त्यावर कागद धरोन वरून कोळसा घासला, आणि हंड्याचे ठोके कागदावर उमटले, तो पोरे येडी जाहली. दुसरे दिवशी गावातील एकूणएक पाटा, जाते, खाट आणि भिंत काळी जाहली, चटणीस कोळशाची चव आली, आणि बाया भांडावयास शाळेवर चालून आल्या. बाईंनी त्यांस त्यांच्याच पाट्याची टाकी, म्हणजे छिन्नीने पाडिलेल्या खाचा, कागदावर दाखविली. त्यातील एकीने तो कागद मागोन नेला आणि चुलीवरच्या भिंतीस लाविला. रंगास बहुत दिवस लागले, कारण काळ्या मातीत काळे किती, यावर पोरांत मारामारी जाहली. शेवटी बाईंनी रिकामी जागा शिकविली, की जे काढिले नाही तेही चित्रात धरावे, आणि हे पुष्कळांस उमगले नाही, मलाही पुरते उमगले ऐसे म्हणवत नाही.

आश्विन मासी पंत साचा घेऊन आले, कारभारीही आले. पोरांस निसर्गचित्र काढावयास सांगितले. पंत साचा ठेवू लागले, तो कोठे नुसती म्हशीची पाठ, कोठे वरून पाहिलेली विहीर, कोठे चिखलात उठलेली पावले, आणि भोकातून डोंगर दिसेना. कारभारी मिशीत हसो लागले, आणि बाईंचे तोंड उतरले. मग नर्मदीचा कागद आला. खाली एक रेघ, उजवीकडे किंचित चढती, तीवर एक ठिपका, वर सारे मोकळे. पंत बोलिले, "मुली, कागद कोराच ठेविलास?"

"कोरा न्हाई जी. आभाळ हाय. आमच्याकडं लई हाय, म्हणून लई सोडलं."

"आणि हा ठिपका?"

"बा हाय माझा. घरी यायलाय. अजून लांब हाय, म्हणून बारका."

"सूर्य कोठे?"

"माझ्या पाठीमागं. मग कसा दिसंल?"

पंत उठोन खिडकीशी गेले आणि बराच वेळ बाहेर पाहात राहिले. मग कागद मागितला, पेन्सिल घेतली, आणि जे दिसते ते काढो लागले, तो हाताने दोन डोंगर काढिले. दुसरा कागद घेतला, पुन्हा दोन डोंगर. तिसऱ्यावरही तेच. पंत पोरांच्या बाकावर बसले आणि हळू बोलिले, "बाई, मी या मुलखाबाहेर कधी गेलो नाही. डोंगर मीही पाहिला नाही."  तेव्हा नर्मदी त्यांजपाशी जाऊन म्हणाली, "आजोबा, कागदाकडं बघू नका. तिकडं बघा, नि हात चालू द्या." पंतांनी तैसेच केले. रेघ निघाली ती वाकडी, थरथरती, मध्ये तुटलेली, पण ती त्याच मुलखाची होती. पंतांचे डोळे भरोन आले आणि त्यांनी ते पुसिलेही नाहीत. कारभारी यांनी पुसिले, "मग अभिप्राय काय लिहावा?" पंत बोलिले, "लिहा, तास बंद करू नये, दोन करावे. एकाने होत नाही. मला चाळीस वर्षे लागली."

एवंच, तास दोन जाहले आणि गणित कोठे बुडाले नाही. आता पोरांचे कागद एकास एक मिळत नाहीत, तपासणीस आठवडा लागतो, आणि कारकून कुरकुरतात, त्यांत मीही आहे. तिघे अद्याप डोंगर काढितात, त्यांस आवडतात म्हणोन, आणि बाई त्यांस काढू देतात. नर्मदीस कागद दिला म्हणजे ती आणखी एक मागते. लेखनसीमा.