बोंगसुनताईंचे न हलणारे साठ किलो

कोरियातल्या गुन्सान शहरात गुप्तहेर म्हणावा असा माणूस एकच, आणि तो हे लिहितो आहे. नाव ह्वांगबो गिल्सू, वय त्रेसष्ट, नजर ससाण्याची, गुडघे मात्र वयाला धरून. एकतीस वर्षं मी घरोघरी जाऊन गॅसचे मीटर वाचले. लोकांना वाटतं, आकडे टिपण्यात कसली आली अक्कल. पण कुणाकडे पाहुणा मुक्काम ठोकून बसलाय, कुणी नवऱ्याशी भांडून आठ दिवस शेगडीच पेटवली नाही, हे मला शेजाऱ्यांच्या आधी कळायचं. निवृत्तीनंतर ही विद्या वाया जाऊ नये म्हणून मी गुप्तहेर झालो आणि कार्डं छापून घेतली. आजवर माझ्याकडे आलेल्या चारही प्रकरणांचा उलगडा झाला. तो कुणी केला, हा तपशील गौण आहे.

माझी सहायक चुनजा. ती माझी बायकोही आहे. दोन्ही नोकऱ्या बिनपगारी आहेत, असं ती अधूनमधून ऐकवते.

त्या गुरुवारी सकाळी सातव्या मजल्यावरच्या बोंगसुनताई सुकवलेल्या पर्सिमन फळांचा डबा घेऊन आमच्याकडे आल्या. बाईंनी तीस वर्षं बाजारात तोंडीलावण्यांचं दुकान चालवलं. आता दुकान बंद करून वर्षभर जिमला जात होत्या. डबा पुढे सरकवून त्या म्हणाल्या, "गिल्सूभाऊ, रविवारपर्यंत माझं काम झालं नाही, तर आई तिकडेच राहील."

हकीकत अशी होती. ताईंची नव्वदीची आई सात महिने शुश्रूषा रुग्णालयात पडून होती. ताई रोज चाळीस मिनिटं बसने जायच्या आणि आई रोज विचारायची, आज नेणार ना? पण सोलमध्ये राहणारा धाकटा भाऊ सांगग्यू आडवा आला होता. आई घरात घसरून पडली तर उचलणार कोण, हा त्याचा प्रश्न. आईचं वजन बावन्न, वर रजईचं धरून साठ. तेवढं जमिनीवरून उचलून दाखव, मग रुग्णालयाच्या कागदांवर सही करतो, असं तो म्हणाला होता. जिममध्ये ताई पासष्ट उचलत. पण भावाचं म्हणणं, आई जिममध्ये पडणार नाही, घरात पडणार आहे. तेव्हा घरीच उचलून दाखव. म्हणून ताईंनी बारबेल घरी आणली, आणि घरी आणल्यापासून साठ किलो काही केल्या उठेनात.

मी टोपी घातली. चुनजाने पर्सिमनचा डबा फडताळात ठेवला आणि ती पण निघाली.

बैठकीच्या खोलीत मांडणी अगदी पद्धतशीर होती. दोन जाड रबरी चटया, त्यांवर वीस किलोंचा दांडा, दोन्हीकडे वीस-वीसच्या प्लेटा, बाहेरून क्लिपा घट्ट बसवलेल्या. ताई वाकल्या, दांडा धरला, चेहरा तिखटाच्या पेस्टसारखा लाल झाला. दांडा दोन बोटं उठला, ताई पुढे-मागे डुलल्या आणि तो पुन्हा चटईवर टेकला.

"प्लेटा खोट्या आहेत," मी तत्काळ निदान केलं. वीसचा शिक्का, आत तीस किलो लोखंड. बाजारात असे प्रकार चालतात. किमचीचा कोबी तोलायचा काटा मागवला. पहिली प्लेट काट्यावर ठेवताना आवाज आला तो काट्याचा नव्हता, माझ्या कमरेचा होता. वजन भरलं वीस. दुसरीही वीस. पुन्हा मोजायचं का, असं मी चुनजाला विचारलं, तर ती म्हणाली की मोजा, पण कमरेला मलम तुमचं तुम्हीच लावायचं.

मग माझ्यातला गॅसवाला जागा झाला. जानेवारी महिना, फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या. लोखंड तापलं की फुगतं आणि फुगलेली वस्तू जड होते. मी बॉयलर बंद करायला लावला. दोन तासांनी तिघंही ओव्हरकोट घालून बार्लीचा चहा पीत बसलो होतो. ताईंनी बोटांवर फुंकर मारून पुन्हा जोर लावला आणि या खेपेला दांडा एकच बोट उठला.

"एकतीस वर्षं गॅसमध्ये काढून हेच शिकलात?" चुनजाने विचारलं. सहायकांनी असे प्रश्न विचारायचे नसतात.

उरली मांडणी. मी दांडा ताईंच्या पायांपासून हातभर लांब ठेवला, तर त्या सोफ्याखाली गेलेलं घड्याळ काढायला वाकल्यासारख्या दिसू लागल्या. नडगीला चिकटवला, तर नडगी सोलवटली. शेवटी जेवणाची दोन बुटकी टेबलं आणून प्लेटा त्यांवर चढवल्या. दांडा गुडघ्यापाशी आला आणि ताईंनी तो सहज उचलला. प्रकरण संपल्याचं मी जाहीर केलं आणि कार्ड काढण्यासाठी खिशात हात घातला.

"आई टेबलावरही पडणार नाही, गिल्सूभाऊ," ताई म्हणाल्या. त्या सोफ्यावर बसल्या. चार दिवसांपासून सराव सोडून दिल्याचं त्यांनी सांगितलं. मला वाईट वाटलं. खरोखरच वाईट वाटलं. अशा वेळी गुप्तहेराने एकच करायचं असतं, संशयित शोधायचा.

संशयित बरोबर खाली राहत होता. सहाव्या मजल्यावरचे प्योकाका. गेल्या शरद ऋतूत ताईंच्या हातून प्लेट निसटली तेव्हा याच इसमाने पहारेकऱ्याच्या खोलीत फोन केला होता. आणि आठवड्याने तोच इसम पेअरची पेटी नि भेट म्हणून सपाता घेऊन वर आला. तळ चार बोटं जाड, रजईसारखा मऊ. वरच्याच्या पावलांचा आवाज खाली जाऊ नये म्हणून आमच्या इमारतीत जो तो घालतो तशा. ताई इतक्या ओशाळल्या की त्या दिवसापासून घरात त्यांनी एक पाऊलही त्या सपातांशिवाय टाकलेलं नाही. एवढा सभ्यपणा मला पहिल्यापासून खटकत होता. माणूस तक्रार करतो नि वर फळं देतो, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

मी फ्रिजवरचं एक चुंबक घेतलं आणि प्योकाकांकडे गेलो. त्यांच्याच खुर्चीवर चढून त्यांच्या छतावर ते फिरवू लागलो. काका सत्तरीचे, खांदे दरवाजाएवढे. चाळीस वर्षं त्यांनी बंदरावर तांदळाची पोती वाहिली होती.

"काय शोधताय?" त्यांनी विचारलं.

"खरं सांगा काका. तुम्ही ती खालून ओढून धरता का?"

"काय?"

"बारबेल."

काकांनी मला हात देऊन खुर्चीवरून खाली उतरवलं. मग त्यांनी उलट मलाच विचारलं, "वरच्या बाईंनी सोडून दिलं की काय? रोज संध्याकाळी सहाला दहा वेळा धप्प व्हायचं. मी मोजायचो. चार दिवस झाले, काही नाही." आणि उत्तराची वाट न बघता ते जिन्याने वर निघाले. संशयित स्वतःहून घटनास्थळी जातोय, याची मी वहीत नोंद केली.

काकांनी टेबलं बाजूला करायला लावली. दांडा पुन्हा चटयांवर आला. ताई त्याच्यापाशी उभ्या राहिल्या, वाकल्या, डुलल्या. काकांची नजर दांड्यावर नव्हतीच.

"पायात काय आहे?"

"तुम्हीच दिलेल्या," ताई म्हणाल्या.

"त्या चालायला दिल्या होत्या, बाई. गादीवर उभं राहून कुणी पोतं उचलतं होय? बंदरावर तर आम्ही मोजेसुद्धा घालत नव्हतो. काढा."

ताई काढेनात. इतके महिने जपलेला शेजारधर्म असा एकाएकी पायातून निघत नाही. तुम्हाला त्रास होईल, असं त्या पुटपुटल्या. जिममध्ये पातळ कापडी बूट चालतात, पण तिथे खाली कोणी राहत नाही, असंही म्हणाल्या. काका म्हणाले की त्रास त्यांचा आहे, तो त्यांना चालतोय. मग ताईंनी सपाता काढून कडेला नीट जोडून ठेवल्या. अनवाणी पावलं फरशीवर रोवली, दांडा पावलांच्या बरोबर मध्यावर घेतला, दम भरला. साठ किलो मांडीपर्यंत आले आणि तिथे थांबले. ताई खाली बघेनात, जणू बघितलं तर ते पडतील.

माणूस मी बरोबर हेरला होता, सपाता त्याच्याच होत्या, एवढं मी चुनजाच्या निदर्शनास आणलं. तिने मला बॉयलर सुरू करायला पाठवलं.

रविवारी सांगग्यू आला. टाय लावून, हातात रुग्णालयाचे कागद. मी तज्ज्ञ म्हणून कोपऱ्यात उभा होतो. ताईंनी दांडा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. सांगग्यू म्हणाला की एखाददुसऱ्या वेळी कुणालाही जमतं. तेव्हा ताईंनी तिसऱ्यांदा उचलला आणि खाली ठेवलाच नाही.

"आईला कधी आणायचं?" त्यांनी विचारलं.

"ताई, ठेव आधी खाली."

"कधी?"

"पुढच्या महिन्यात बघू आपण, थंडी सरली की..."

"कधी, सांगग्यू?"

दांडा अजून मांडीपाशीच होता. मान ताठ होती. खालून प्योकाकांच्या घरातला टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं. सांगग्यूने टाय सैल केला, माझ्याकडे पाहिलं, चुनजाकडे पाहिलं. कुठूनच मदत आली नाही.

"मंगळवारी," तो म्हणाला.

मंगळवारी आजींना चाकाच्या खुर्चीतून आणलं. अंथरूण गरम फरशीवर घातलेलं होतं. सांगग्यू पुढे झाला, पण ताईंनी त्याला हाताने मागे सारलं, वाकल्या आणि आईला खुर्चीतून उचलून अलगद अंथरुणावर ठेवलं.

"घाबरू नकोस, आई. मी साठ उचलते. तू तर बावन्नच आहेस."

आजींनी डोळे उघडले. "कोण म्हणतं बावन्न? अठ्ठेचाळीस आहे मी. त्या नर्सबाईने मला कोट घालून तोललं."

"आई, वहीत लिहिलंय."

"वही खोटी. दुकान काय चालवलंस, स्वतःच्या आईचं वजन कळत नाही तुला?"

मी काटा आणायची तयारी दाखवली, तर चुनजाने माझी बाही धरून मला बाहेर काढलं. जिना उतरेपर्यंत आतलं भांडण ऐकू येत होतं. सात महिन्यांनी त्या घरात बोंगसुनताईंना कुणीतरी रागवत होतं, आणि त्या हसत हसत रडत होत्या.