गंध: सौम्य

सुंदुसने अळंबी नाकाशी धरली, डोळे मिटून खोल श्वास घेतला आणि वाट पाहिली. काहीच आलं नाही. तिने अळंबी उलटी करून पुन्हा हुंगली. मग टोपीचा तुकडा मोडला, बोटांत चुरडला आणि तिसऱ्यांदा हुंगला. स्वयंपाकघरात हरभरे निवडत बसलेली तिची आई जलीला हे सगळं बघत होती.

"उम्मी, जरा हिचा वास घेऊन सांग ना," सुंदुस म्हणाली. "मला सर्दी झालीय."

"दोन वर्षं?" आईने हरभऱ्यांवरची नजर न काढता विचारलं.

दोन वर्षांपूर्वीच्या तापानंतर आपलं नाक कामातून गेलं, हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. आईचं म्हणणं असं, की गेले तीन महिने लेक सुट्टीला घरी आली की ती कुसकुसमध्ये मुद्दाम मुरवलेलं लोणी घालते आहे. पूर्वी त्या वासाने जी पोरगी ताट घेऊन अंगणात पळायची, ती आता दुसऱ्यांदा वाढून घेते. तेव्हा सर्दीच्या गोष्टी बाहेरच्यांना सांगाव्यात.

अळंब्यांच्या अभ्यासकाला डोळ्यांइतकंच नाक लागतं. दोन तपकिरी अळंब्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. एकीला ताज्या पिठाचा वास येतो, दुसरीला माशाचा, आणि तेवढ्यावर त्या वेगळ्या ठरतात. सुंदुस ट्यूनिसमध्ये प्राध्यापक बुथैना मॅडमच्या हाताखाली काम करत होती आणि दोन वर्षं तिने हे संकट निभावून नेलं होतं. मॅडम अळंबी हुंगायच्या, तिच्याकडे द्यायच्या आणि विचारायच्या, "तुला काय वाटतं?" सुंदुस त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते बघायची, काही दिसलं नाही की म्हणायची, "सौम्य." मॅडम लगेच लिहून घ्यायच्या: गंध, सौम्य.

पण ही अळंबी सुंदुसची स्वतःची होती. गेल्या नोव्हेंबरमध्ये आपल्या ऐन द्राहम गावाच्या वरच्या जंगलात, बुचाच्या झाडांखाली, घरापासून अर्ध्या तासावर तिला ती सापडली. तीन सेंटिमीटरची टोपी, जांभळा दांडा. जगात कोणी तिचं वर्णन केलेलं नव्हतं. सुंदुसने तिचे बीजाणू अर्ध्या मायक्रॉनपर्यंत मोजले, जनुकं तपासून घेतली, लेख लिहून पाठवला. संपादकांचं उत्तर बुधवारी आलं. समुद्रापलीकडे सार्डिनियात हिची एक बहीण आहे, तिला कच्च्या बटाट्याचा वास येतो. तुमच्या लेखात 'गंध: सौम्य' एवढंच आहे. मग ही तीच नाही कशावरून? सौम्य म्हणजे कशासारखा? शनिवारपर्यंत कळवलं नाही तर लेख पुढच्या हंगामावर जाईल.

आज गुरुवार होता. सकाळी जंगलात सात अळंब्या मिळाल्या होत्या, आणि तोडल्यानंतर वास फार तर दोन दिवस टिकतो.

आईने हात पुसले आणि अळंबी हुंगली. "अळंबीचा वास येतोय."

"असं नाही चालत. कशासारखा, ते सांग."

आईने पुन्हा हुंगली आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "ओळखीचा आहे गं. थांब. मबरूकाच्या घराचा. दार उघडलं की येतो ना, तोच."

मबरूका म्हणजे सुंदुसची मावशी, आईची धाकटी बहीण. दोन गल्ल्या खाली राहायची. सुंदुसने वहीत लिहिलं: 'गंध: मबरूका खालाच्या घरासारखा (माहिती देणारी: आई).' शास्त्राला एवढं पुरणार नव्हतं. त्या घरातल्या नेमक्या कोणत्या वस्तूचा तो वास, हे शोधायला हवं होतं. तिने चार अळंब्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवल्या आणि दोन मेणकागदात वेगवेगळ्या गुंडाळून कोटाच्या दोन खिशांत टाकल्या.

मबरूका खालाच्या घरी धावपळ होती. शुक्रवारी दुपारी तिच्या मुलीला, उल्फाला, बघायला नाबुलहून माणसं येणार होती. बदामाचे लाडू वळता वळता खाला बोलत होती, आणि सुंदुस हळूच एकेक वस्तू डोळ्यांनी तपासत होती: लोकरीची चादर, कोळशाची शेगडी, जुनं लाकडी कपाट. बदाम निवडून द्यायचे म्हणून ती हात धुवायला गेली. वही टेबलावर उघडीच राहिली.

परत आली तेव्हा खाला वाचत होती.

"माझ्या घराला," खाला फार शांतपणे म्हणाली, "बुरशीचा वास येतो?"

"खाला, बुरशीला तुझ्या घराचा येतो. तुलना आहे ती."

"आणि हे छापणार? बाहेरच्या देशात?"

"फक्त शास्त्रज्ञ वाचतात."

"उद्या पाहुणे येतायत, आणि माझी सख्खी बहीण सगळ्या जगाला सांगतेय की हिच्या दारात पाऊल टाकलं की कुजका वास येतो." खालाने फोन उचलला. पुढची दहा मिनिटं दोघी बहिणींनी एकमेकींना लहानपणापासूनचं सगळं ऐकवलं. त्यात अळंबी एकदाच आली. फोन ठेवून खालाने सुंदुसने उजव्या खिशातून काढलेली अळंबी ओढून घेतली, एकदा हुंगली, परत तिच्या हातात कोंबली आणि निकाल दिला: हा वास सी लजहरच्या कॉफीखान्याचा आहे, ज्याला हवं त्याने जाऊन बघावं. मग तिने बाह्या वर केल्या आणि जावेलची बाटली उघडली.

ऐन द्राहममध्ये घराच्या अब्रूचा प्रश्न आला की बाई आधी जावेल काढते. कपडे पांढरे करायचं ते पाणी खालाने फरशीवर ओतलं, भिंतींना फासलं, कपाटाच्या आतून बाहेरून फिरवलं. जिच्याशी तुलना करायची ती वस्तू आपल्या डोळ्यांदेखत धुतली जाते आहे, हे सुंदुसला कळत होतं. पण हातात जावेलचा पोछा असलेल्या खालाला थांबवायचं शिक्षण तिला विद्यापीठात मिळालं नव्हतं.

एक शक्यता बाद झाली, की दुसरी तपासायची असते. ती कॉफीखान्यात गेली. या वेळी तिने काळजी घेतली, कोणाचंही नाव न घेता, नुसतं "हा वास कशाचा?" एवढंच विचारलं. पत्ते खेळणाऱ्या चौघांनी अळंबी हातोहात फिरवली. एकाने सांगितलं, पावसात भिजलेल्या लजहरच्या लोकरी झग्याचा. मालक सी लजहर गल्ल्यावरूनच म्हणाला की झगा तीन वर्षांपूर्वी मोलकरणीला दिला, आणि हा वास औषधवाल्याच्या जिन्याचा आहे. औषधवाला कोपऱ्यातच कॉफी पीत होता. त्याच्या मते तो न्हाव्याच्या टॉवेलचा होता. न्हाव्याने घाईघाईने पोस्टाचं नाव सांगितलं. सुंदुस प्रत्येकाचं मत आकडा घालून लिहीत होती. चौदा मतं झाली, आणि एकानेही वास स्वतःच्या घराचा असल्याचं म्हटलं नाही. या सगळ्यात ती अळंबी कोणाच्या तरी सिगारेटच्या राखेत गेली.

"सी लजहर, मला खरंच मदत हवीय," ती म्हणाली. "ही आपल्या जंगलातली आहे. जगात दुसरीकडे कुठे नाही."

"म्हणूनच सांगतोय पोरी, माझं नाव घालू नको," सी लजहर म्हणाला, आणि त्याने पोऱ्याची वाट न बघता स्वतःच फरशी धुण्यासाठी खुर्च्या टेबलांवर चढवायला घेतल्या.

दुपारपर्यंत यादी गावभर झाली होती. ती कशी झाली हे सुंदुसला शेवटपर्यंत कळलं नाही. औषधवाल्याच्या जिन्यावरून पाणी वाहू लागलं, न्हाव्याचे सगळे टॉवेल दोरीवर गेले. ज्यांचं नाव यादीत नव्हतं त्यांनीही धुवायला काढलं, कारण न धुणाऱ्यावर संशय येत होता. संध्याकाळी दुकानात जावेलची बाटली उरली नाही. शुक्रवारी सकाळी उतारावरच्या गल्लीतून पांढरा फेस खाली चालला होता, आणि अख्ख्या गावात एकालाही दुसरा कसलाच वास येत नव्हता. दोन वर्षांत पहिल्यांदाच सुंदुस आणि तिचं गाव एका पातळीवर आले होते.

त्या सकाळी ती बाहेरून घरी आली तर आई फ्रिज पुसत होती.

"उम्मी, डबा?"

"मबरूका म्हणते आपल्याच घराला वास मारतो. मग म्हटलं, घासूनच काढू." डबा ओट्यावर उघडा होता. चारही अळंब्या जावेलमध्ये न्हाऊन निघाल्या होत्या. जांभळे दांडे पांढरेशुभ्र पडले होते. रसायनाची ही प्रतिक्रिया नोंदवण्यासारखी होती, पण संपादकांनी ती विचारली नव्हती.

सुंदुस ओट्याला टेकून उभी राहिली. आईने पाहिलं, फडकं खाली ठेवलं. "मी सांगते ना तुला, मबरूकाच्याच घराचा होता. पण वाईट म्हटलं कुठे मी? मला आवडतो तो. लग्न होऊन ती तिकडे गेली तेव्हापासूनचा आहे."

"तो कशाचा, ते सांग."

"ते माहीत असतं तर भांडण झालं असतं का?"

कोटाच्या डाव्या खिशात एक अळंबी उरली होती. पण दुपारी उल्फाच्या पाहुण्यांपुढे तबक फिरवायला जायचंच होतं. भांडण आपल्या जागी. आई आणि सुंदुस दोघी गेल्या. थंडी होती, सुंदुसने कोट काढला नाही.

नाबुलहून मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आई लल्ला शाद्लिया आले होते. मुलाच्या वडिलांना दारातच शिंका सुरू झाल्या. उल्फाचे डोळे पाण्याने भरले होते. मुलगा ते लाजणं समजून आणखी खूश झाला. लल्ला शाद्लिया मात्र ओठ मिटून, पाठ ताठ करून बसल्या होत्या. त्यांनी लाडू घेतला, हुंगला आणि ताटलीत ठेवला. मबरूका खालाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. सुंदुस तबक घेऊन पुढे वाकली तशी लल्ला शाद्लियांनी तिचं मनगट धरलं.

"पोरी, खिशात काय आहे तुझ्या?"

मबरूका खाला बहिणीकडे अशी बघत होती की नाबुलची मंडळी नसती तर निकाल तिथेच लागला असता. सुंदुसने मेणकागद काढून उघडला. लल्ला शाद्लियांनी अळंबी आधी लांब धरली, मग जवळ. खिडकी उघडून बाहेर तोंड करून नाक शिंकरलं, परत येऊन टोपी मोडली आणि डोळे मिटून तिसऱ्यांदा हुंगली. तीन चाचण्या, मध्ये यंत्र साफ. सुंदुसने मनातल्या मनात पद्धतीला पूर्ण गुण दिले.

"जिरेनियमचं पान," त्या म्हणाल्या. "चुरडलेलं. पण ताजं नाही. आम्ही अर्क काढतो ना, तो तांब्याचा हंडा दुसऱ्या दिवशी उघडला की येतो, तसं. आणि अगदी तळाला खवट अक्रोड."

"नक्की? कच्च्या बटाट्यासारखं काही?"

"चाळीस वर्षं हंड्यापाशी बसते मी. बटाटा आणि जिरेनियम कळणार नाही मला?"

सुंदुसने वही काढली. घाईत तिचं अक्षर आयुष्यात पहिल्यांदा वाकडं आलं. बटाटा नाही म्हणजे ही ती सार्डिनियातली बहीण नव्हे. ती नव्हे म्हणजे जात नवी, आणि ती तिची.

तेवढ्यात मबरूका खाला कपाटाकडे वळून अस्पष्ट काहीतरी पुटपुटली. लग्नात मिळालेली जिरेनियमच्या अर्काची मोठी बाटली त्या कपाटात फुटली होती, सव्वीस वर्षांपूर्वी. लाकूड सगळं प्यायलं होतं.

"मग ते धुतलं कशाला बाई?" लल्ला शाद्लिया म्हणाल्या. "आत आले तर नुसतं जावेल. मला वाटलं, ही माणसं काय लपवतायत कोण जाणे." त्यांनी ताटलीतला लाडू उचलला आणि या वेळी खाल्ला. लग्नात पहिल्या अर्काच्या दोन बाटल्या आपण पाठवू, एक पोटात घ्यायला आणि एक कपाटात ओतायला, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे लग्न ठरलं, हे सगळ्यांना थोडं उशिरा कळलं.

"जलीला," खाला बहिणीला म्हणाली, "तू चांगलं बोलत होतीस होय?"

"मग? तू ऐकतेस कुठे."

संध्याकाळी सुंदुसने बुथैना मॅडमना फोन केला आणि गंधाची ओळ वाचून दाखवली. मॅडमना फार आनंद झाला. इतकं नेमकं वर्णन त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलं नव्हतं. एवढं तिखट नाक तू आजवर लपवून का ठेवलंस, असं त्यांनी विचारलं.

इथे गप्प राहता आलं असतं. पण ओळीच्या शेवटी माहिती देणाऱ्याचं नाव लिहायची सुंदुसची सवय जात नव्हती.

"मॅडम, ते नाक माझं नाही. मला दोन वर्षं कसलाच वास येत नाही. मी तुमच्याकडे बघून 'सौम्य' म्हणत होते."

"माझ्याकडे बघून?" मॅडम म्हणाल्या. "सुंदुस, सायनसच्या ऑपरेशननंतर माझं नाक गेलंय, नऊ वर्षं झाली. तू आलीस तेव्हा मी म्हटलं, चला, एक तरुण नाक मिळालं."

मग मॅडमनी घसा साफ केला.

"आपण दोघींनी मिळून 'गंध: सौम्य' किती ठिकाणी लिहिलंय?"

सुंदुसने मोजून ठेवलंच होतं. "अकरा."

"त्याआधीचं माझं एकटीचं, चौतीस." टेबलावर पेन आपटल्याचा आवाज आला. "त्या बाई नाबुलला कुठे राहतात ते विचारून घे. आणि तिकडे जाणारी पहिली गाडी कितीची आहे, तेही."