वाघाच्या लोकरी सपाता

एका जंगलात, मुलांनो, एक म्हातारा वाघ होता आणि थंडीत त्याचे पाय गारठत. वयामुळे त्याची नखंही आत जाईनाशी झाली होती. खडकावरून चालला की ती खटखट वाजत. मग सगळे वेळेवर पळून जात. वाघ खेकड्यांवर भागवत असे.

त्याच जंगलात ठकूबाई नावाची मेंढी होती. वाघाने तिला बोलावून लोकरीच्या सपाता करायला सांगितल्या. विणून नव्हे, बुरणुसासारखी लोकर दाबून. नाही म्हणायची सोय नव्हती.

ठकूबाईने स्वतःची लोकर पिंजली. वाघाच्या पायाच्या मापाचे थर रचले, त्यावर रिठ्याचं गरम पाणी शिंपडलं आणि चोळत बसली. चोळता चोळता लोकर घट्ट झाली. आणि आटली. सपाता मुंगसाच्या मापाच्या झाल्या.

त्या घेऊन ती दरबारात गेली. तिथे वाघाचा दिवाण कोल्हा बसला होता. कोल्ह्याने आयुष्यात एकही चूक केली नव्हती, कारण काहीच केलं नव्हतं. चुकांवर मात्र तो फार सुंदर बोले. जो चुकतो तोच शिकतो, असं त्याने वाघाला सांगितलं. वाघाला ते पटलं.

पुढच्या खेपेला ठकूबाईने माप मोठं घेतलं. पण वरचा थर आणि तळ यांच्यामध्ये काही घालायचं राहून गेलं. चोळताना दोन्ही एकजीव झाले. पाय घालायला जागाच उरली नाही. कोल्ह्याने पुन्हा भाषण केलं.

मग तिने मध्ये पळसाचं पान घातलं. तेव्हा थर पातळ पडले आणि नखं बाहेर आली. भाषण झालं. मग तिने थर जाड केले.

या सपाता झाल्या मात्र सुरेख. मऊ, उबदार, अगदी मापात. वाघाच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर ठकूबाईलाही अभिमान वाटला. मार्गदर्शनाबद्दल कोल्ह्याचा सत्कार झाला.

सत्कार आटोपून वाघ नव्या सपातांत फिरायला निघाला. खडकावर जराही आवाज झाला नाही. ठकूबाईचा दीर बिरू तिथेच चरत होता. त्याला काही ऐकू आलं नाही.

कळपात कोणी ठकूबाईला दोष दिला नाही. बिरूच्या बायकोने फक्त विचारलं, "इतक्या चांगल्या कशाला केल्यास गं?"



काही दिवसांनी सपाता झिजल्या आणि वाघाने नव्या मागितल्या. या वेळी मुद्दाम बिघडवायच्या, असं ठकूबाईने ठरवलं. पण पातळ थर रचायला बसली की हात आपोआप जाड रचत. पान विसरायचं ठरवलं, तर ते आधीच घातलेलं असे. शिकलेलं हातातून जाईना.

शेवटी ती कोल्ह्याकडे गेली.

"दिवाणजी," ती म्हणाली, "विद्या खरी तुमची. मी नुसती हमाली केली. महाराजांच्या पायांत आता तुमच्या हातच्या सपाता शोभतील."

कोल्ह्यालाही बरेच दिवस असंच वाटत होतं.

त्याने केलेल्या सपाता आटल्या, चिकटल्या आणि टोकाला फाटल्या. वाघाने त्यांत कसेबसे पंजे कोंबले, एक पाऊल टाकलं आणि तो तोंडावर आपटला. आता कोल्ह्याचं काही खरं नाही, असं सगळ्यांना वाटलं.

कोल्हा शांतपणे म्हणाला, "सपाता बरोबर आहेत, महाराज. आपले पाय चुकले आहेत."

वाघाने बराच वेळ पायांकडे पाहिलं. त्याला ते पटलं.

तेव्हापासून वाघ पाय बारीक करण्याचा व्यायाम करतो. कोल्हा शेजारी उभा राहून त्याला धीर देतो. कळप दोघांच्या समोरच चरत असतो. ठकूबाई अधूनमधून कोल्ह्याला उत्तम लोकर नेऊन देते आणि मागच्या सपाता फार छान झाल्या होत्या, असं सांगून परत येते.

तात्पर्य : आपल्या चुकांमधून जरूर शिकावे. मात्र वाघाचे काम निघाल्यास ते कधीही न चुकणाऱ्याकडे सोपवावे.