वानखडे सरांची चौकशी

लग्नाच्या पंगतीत वानखडे सर शेजारच्या पाहुण्याला गाव विचारत नाहीत. वाढपी वरण घेऊन येईस्तोवर त्यांनी खिशातून वही काढलेली असते. "तुमच्या घरात कोणाच्या डोक्यावर परिणाम झाला होता काय हो? आजा, पणजा, मामाकडून कोणी?"

मोताळ्याच्या एका लग्नात त्यांनी हे नवरदेवाच्या मामालाच विचारलं. मामा ताटावरून उठला. त्याची समजूत काढता काढता वधूपित्याला घाम फुटला. सर मात्र माझ्या कानाशी लागले, "उठला खरा, पण चुलत आजा सांगून गेला!"

आम्ही एकाच कॉलेजात होतो. ते संख्याशास्त्र शिकवायचे, मी मराठी. निवृत्त झाल्यावर सरांनी आनुवंशिकतेवरचे शोधनिबंध वाचायला घेतले. विचारलं की बोट नाचवत सांगायचे, "एकाचं काम नाही ते! असा आजार एका जनुकानं येत नाही. हजारो जागी बारीक फरक असतात, एकेक इवलासा धक्का देते. वरून झोप, ताण, नशीब. लाखो माणसं तपासून गणित मांडा, तवा कुठं अंदाज लागते."

"मग तुमच्या वहीतल्या दोन-चारशे माणसांनी काय होणार?"

"काहीच नाही," ते म्हणाले. पण वही मिटली नाही.

त्यांचा एकुलता मुलगा नितीन शिकता शिकता आजारी पडला होता. जवळ कुणी नसताना त्याला आवाज ऐकू यायचे. औषधं चालू होती, आणि एका सकाळी तो विहिरीत सापडला. तेराव्याला सरांचे थोरले भाऊ चारचौघांत म्हणाले, "सुशीलाच्या माहेरचं रक्त आहे हे." सुशीला म्हणजे सरांची बायको, आमच्या काकू. त्यांचा एक मामा तसा होता. त्यानंतर काकू रोहिणखेडला, माहेरी, कधी गेल्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात सर माझ्याकडे आले. "तुम्ही मराठीचे. हे जनुकांचं सारं असं लिहून द्या का तिले समजलं पाहिजे."

आठ दिवस बसून आम्ही दोन पानं लिहिली. काकू ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. सरांनी समोर बसून सगळं वाचलं.

काकूंनी विचारलं, "म्हणजे माह्या माहेरचं नाही?"

'नाही' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण सरांना तेवढं खोटं बोलता आलं नाही. "थोडं तुह्याकडचं, थोडं माह्याकडचं. अन् पुष्कळसं कोणाचंच नाही."

"मंग त्या दिवशी तुमच्या दादाले हे काऊन नाही सांगितलं?"

"तवा मले माहीत नव्हतं."

"माहीत असाचं काय काम होतं?" काकू शांतपणे म्हणाल्या. "नुसतं, दादा, गप बसा, एवढं म्हणाचं होतं."

सरांनी चष्मा काढून हातात धरला. मला तिथून उठावंसं वाटत होतं, पण उठता येईना.

काकूंनी सुपातल्या अर्ध्या शेंगा सरांच्या पुढ्यात सरकवल्या.