पोपटाचा उष्टा पेरू

सयाजी अडीच वर्षांचा झाला तरी घरात एक शब्द बोलेना. आजीनं, म्हणजे दुर्गाबाईंनी, खापर सुनेवर फोडलं. "तुझ्या माहेरची माणसंच घुमी. पोरानं तेच उचललं." कुसुम खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली. उत्तर द्यायला दुर्गाबाईंनी तिला कधी सवडच ठेवली नव्हती.

वेखंड उगाळून जिभेला चाटवलं. गुण नाही. मग कुणी म्हणालं, पोपटाचं उष्टं खाल्लं की मूल बोलतं. कासारवाडीत पोपट एकच, अन्वर मेस्त्रीकडे. पण मेस्त्रीच्या बायकोशी, मदिनाशी, दुर्गाबाईंचं विहिरीवर वाजलेलं. "तिच्या दारात पाय ठेवणार न्हाई," हे आळीभर सांगून झालेलं. म्हणून सुनेला पाठवलं. कुसुम रोज दुपारी पोराला नि पेरू घेऊन जायची, ती तासाभरानं परतायची.

महिना झाला. पेरू संपत आले, पोर मुकंच. "पोपटच कुचकामी असंल," म्हणत दुर्गाबाई शपथ मोडून जाब विचारायला निघाल्या, त्या मदिनाच्या दाराबाहेरच थबकल्या.

आत सयाजी बोलत होता.

"पोपट पेरू खातो."

"मग?" मदिनानं विचारलं नि ती गप्प बसली. पोर विचार करत होतं. कुणी घाई केली नाही.

"मग... बिया सांडतो. मी बी सांडतो."

कुसुम खळखळून हसली. तीन वर्षांत दुर्गाबाईंनी ते हसू ऐकलं नव्हतं.

"सासूला सांगितलं का न्हाई गं अजून?"

"कधी सांगू, भाभी? त्या दम खातील तवा ना."

दुर्गाबाई तशाच माघारी फिरल्या. घरी पोरानं तोंड उघडलं रे उघडलं की त्यांचं सुरू व्हायचं, "भूक लागली व्हय? पाणी पायजे व्हय?" त्यानं नुसती मान हलवायची. एकदा तरी आपण थांबलो होतो का, हे त्यांना काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी त्या उठल्यापासून गप्प. शेजारीण दोनदा डोकावून गेली. कुसुमनं कपाळाला हात लावून पाहिला. शेवटी सयाजी जवळ आला, पदर ओढला.

"आजी, बरं न्हाई?"

दुर्गाबाईंनी त्याला मांडीवर ओढलं. "कोण म्हणतं रं माझ्या राजा? ठणठणीत हाय मी. तूच वाळलास. काय खाणार? लाडू? का दूध देऊ? का जाऊ या फिरायला?..." त्या थांबल्या तेव्हा पोर नुसती मान हलवत होतं.

कुसुम दारात उभी होती. "तुझं काय चुकलं न्हाई," हे चार शब्द दुर्गाबाईंनी सकाळपासून तिच्यासाठी जपून ठेवले होते. बाकी सगळं बोलून झालं. तेवढे राहिले.